ठिपके गेल्यावर

गेल्या पावसाळ्यात अडीच महिने माझ्या दिवाणखान्यात एक रिकामी टाकी होती. पाणी होतं, पाचशे लिटर, समुद्राइतकं खारट. दगड होते, पांढरी वाळू होती, पंप चालू होते, दिवा वेळेवर लागत आणि विझत होता. मासा मात्र एकही नव्हता. येणारं-जाणारं माणूस विचारायचं, "मासे गेले का हो?" मी सांगायचे, "नाही, आजारी आहेत. आतल्या खोलीत ठेवलेत." मग ते आतल्या खोलीच्या दाराकडे बघायचं आणि परत टाकीकडे. मासे आत आजारी आणि उपचार बाहेरच्या टाकीवरही चालू, हे दारात उभ्या माणसाला सांगणं सोपं नव्हतं. बाहेरच्या टाकीचा उपचार म्हणजे तिचं रिकामं असणंच होतं.

मी ३३ वर्षं एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम केलं. मुंबईचा पावसाळा आम्हाला हिवतापाच्या स्लाइडच्या ढिगातून कळायचा. रक्ताचा थेंब काचेवर पसरायचा, रंगवायचा, वर तेलाचा थेंब टाकून भिंगाखाली धरायचा आणि शोधत बसायचं. शोधता शोधता एखाद्या लाल पेशीत बारीक निळी अंगठी दिसायची, अंगठीवर लाल खडा. ती दिसली की बाहेर बाकावर कुडकुडत बसलेल्या माणसाच्या तापाला नाव मिळायचं. निवृत्त झाले तेव्हा एक जुना मायक्रोस्कोप विकत घेऊन घरी आणला. डोळ्यांची सवय सुटत नव्हती.

माशांची ओढ त्याच्याही आधीची. आम्ही श्रीवर्धनकडचे. लहानपणी वडील मला पहिल्यांदा मुंबईला घेऊन आले तेव्हा त्यांनी मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयात नेलं. मी समुद्राकाठची पोर. मासा म्हणजे टोपलीतला, विळीवरचा, ताटातला. जिवंत मासा आपल्याकडे बघतो आहे, हे मी तिथे काचेपलीकडे पहिल्यांदा पाहिलं. वडील पुढच्या काचेपाशी गेले आणि मी तिथेच राहिले. आपल्या घरी असं काही असावं, ही इच्छा त्या दिवसापासून होती. ती पुरी व्हायला निवृत्ती यावी लागली.

वर्षभर मी नुसतं पाणी शिकले. शुद्ध पाण्यात मीठ कालवायचं, रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर थेंब ठेवून घनता १.०२५ आली का बघायचं. प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे माझ्या टाकीत प्रवाळ नव्हतेच. चुनखडीचे दगड रचले होते. त्यांच्या कपारीत दोन क्लाउनफिश, पिवळ्या शेपटीचा एक डॅमसेल, एक कोळंबी आणि काही शिंपले-गोगलगायी सुखाने नांदत होत्या. मग मी पावडर ब्लू टँग आणला.

हा आपल्याच हिंदी महासागराचा मासा. लक्षद्वीप, मालदीव, श्रीलंकेच्या खडकांवर तो शेवाळ खात फिरतो. अंग आकाशी, तोंड काळं, गळ्याखाली पांढरा पट्टा आणि पाठीवरचा पर हळदीसारखा पिवळा. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना एकेक धारदार काटा असतो, म्हणून याच्या कुळाला सर्जनफिश म्हणतात. आणि खाऱ्या पाण्याचे मासे पाळणाऱ्या कुणालाही विचारा, तो सांगेल की पांढऱ्या ठिपक्यांचा आजार आधी कुणाला धरत असेल तर यालाच.

नवा मासा थेट टाकीत सोडायचा नाही, महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवून बघायचा, हा या छंदातला पहिला नियम. आमच्याकडे बाळंतिणीची खोली सव्वा महिना वेगळी असायची. दारात निखाऱ्यावर धुरी, बाहेरच्या माणसाला आत मज्जाव. वेगळं ठेवण्यामागची माया मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तरी मी ते केलं नाही. तो निळा रंग उघड्याबोडक्या काचेच्या डब्यात, प्लॅस्टिकच्या नळीआड ठेवायला माझं मन धजेना. त्याला दगड मिळावेत, कपार मिळावी, असं वाटलं. मी त्याला सरळ टाकीत सोडला.

पाचव्या दिवशी त्याच्या पारदर्शक परावर तीन ठिपके दिसले. रव्याचे कण चिकटावेत तसे. सहाव्या दिवशी अंगावर वीसेक. तो मधूनच वळून दगडाला कूस घासायचा. जनावर खांबाला अंग घासतं तसा. दुकानातला मुलगा फोनवर म्हणाला, "काकू, खाण्यात लसणाचा रस घाला, जाईल." मी लसूण ठेचला, रस काढला, त्यात खाणं भिजवलं. आठव्या दिवशी सकाळी टँग लखलखीत निळा होता. एक ठिपका नाही. मी देवापुढे साखर ठेवली.

त्या साखरेच्या वाटीपाशी मला आई आठवायला हवी होती. आठवली ती फार उशिरा.

१९७६ साली मी बारा वर्षांची होते. हिवताप तेव्हा देशभर उलटला होता. त्या एका वर्षात ६४ लाखांहून जास्त रुग्ण नोंदले गेले. आमच्या आईला त्या वर्षी तिजारा लागला. एक दिवस ताप, मधला दिवस मोकळा, तिसऱ्या दिवशी दुपारी परत हुडहुडी. तिच्या अंगावर घोंगडी, घोंगडीवर गोधडी, तरी खाट वाजायची. मधल्या दिवशी ती उठायची, अंगण सारवायची, चुलीपाशी बसायची. वडील म्हणायचे, "आज बरी आहेस की." आई म्हणायची, "ताप गेला नाही हो. आज त्याची पाळी नाही, एवढंच."

माझ्या टँगचा तो मधला दिवस होता. ठिपका म्हणजे आजार, असं आपण धरून चालतो. खरं तर ठिपका म्हणजे कातडीखाली शिरून जेवायला बसलेला एक पाहुणा. एकाच पेशीचा जीव. माशाच्या अंगावर तो तीन ते सात दिवस राहतो, पोट भरलं की स्वतःहून उतरतो, तळाशी जातो, दगडाला किंवा वाळूच्या कणाला चिकटून भोवती कवच करून घेतो. त्या कोषात तो एकाचे दोन, दोनाचे चार होत जातो. कोष फुटला की शंभर-दोनशे पिल्लं पाण्यात निघतात. त्यांना एक-दोन दिवसांत मासा गाठावा लागतो, नाही तर ती मरतात. माशाचं अंग लख्ख दिसत असतं तेव्हा त्याच्या पायाखालची जमीन पेरलेली असते. लसणाने काहीच गेलं नव्हतं. आलेले पाहुणे जेवून उठले होते.

अठराव्या दिवशी पीक उभं राहिलं. टँगच्या अंगावर आता ठिपके मोजता येत नव्हते. डोळ्याच्या पडद्यावरसुद्धा होते. डॅमसेल कोपऱ्यात धापा टाकत होता. क्लाउनफिशही परांची उघडझाप करत एका जागी थबकले होते. कल्ले इतक्या वेगाने हलत होते की मला वॉर्डातला दम्याचा पेशंट आठवला. आणि ३३ वर्षं दुसऱ्यांच्या रक्तात परजीवी शोधणाऱ्या मला पहिल्यांदा वाटलं, की आपण अजून बघितलेलंच नाही. पांढरं दिसलं म्हणून नाव देऊन मोकळे झालो.

मराठीत 'निदान' हा शब्द दोन घरचा आहे. आजार ओळखणं म्हणजे निदान, आणि 'निदान एवढं तरी' हेही निदान. त्या संध्याकाळी मला दोन्ही लागू होते. निदान बघावं तरी.

टेबलावर ओला पंचा अंथरला. टँगला जाळीत घेऊन पंच्यावर ठेवला, डोळ्यांवर पंच्याचं टोक टाकलं. डोळे झाकले की मासा शांत होतो. काटा चुकवून, पराच्या मागे, डोक्याकडून शेपटीकडे, कव्हरस्लिपची कड हलक्या हाताने एकदाच फिरवली. काचेला थोडा बुळबुळीत थर लागला. सगळं मिळून दहा-बारा सेकंद. मासा परत पाण्यात. स्लाइडवर टाकीतल्याच खाऱ्या पाण्याचा थेंब ठेवला, कारण नळाच्या गोड्या पाण्यात ते जीव फुटून जातील आणि मग बघायला काही उरणार नाही. कव्हरस्लिप टेकवली. रंग नाही, तेल नाही. चाळीसपटीवरच दिसलं: धुरकट काळपट, पेरूच्या बीसारखं गोलसर, भोवती केसांची बारीक झालर, आणि ते स्वतःभोवती सावकाश फिरत होतं. जात्यासारखं, संथ आणि न थांबता. नाव मिळालं. क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स. क्रिप्टोकॅरिऑन म्हणजे लपलेल्या केंद्रकाचा. अंग इतकं अपारदर्शक की चार लोळ्यांचं त्याचं केंद्रक सहज दिसतच नाही.

ते फिरत होतं म्हणून मी सुटकेचा श्वास घेतला. तिथे नासपतीच्या आकाराचं, करडं, एका जागी रुतून बसलेलं काही दिसलं असतं, तर तो अमायलूडिनियम, म्हणजे वेल्व्हेटचा आजार. त्यात अंगावर पिठीसारखी सोनेरी भुकटी दिसते, मासा पंपाच्या धारेत तोंड धरून उभा राहतो, उजेड टाळतो, आणि पुष्कळदा भुकटी दिसायच्या आधीच दोन दिवसांत जातो. चपटी, पारदर्शक, आकड्यांनी चिकटलेली अळी दिसली असती, तर ते फ्लूक. त्याला पाच मिनिटांची गोड्या पाण्याची बुडी आणि प्राझिक्वान्टेल. क्लाउनफिशच्या अंगावरून साय निघावी तसा बुळबुळीत थर सुटला असता, तर ब्रुकलिनेला, त्याला फॉर्मलिन. बाहेरून सगळ्यांची तक्रार एकच: मासा अंग घासतो, धापा टाकतो, पांढरा दिसतो. आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. पाण्याचं मीठ उतरवून घनता १.००९ वर आणली की क्रिप्टोकॅरिऑन मरतो. वेल्व्हेटला त्याने काहीच होत नाही, तुम्ही वाट बघत बसता आणि मासा जातो.

या जिवाला क्रिप्टोकॅरिऑन हे नाव १९५१ साली मिळालं. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या माशांवर तो ब्राउन या संशोधिकेने वर्णन केला. त्याच वर्षी मुंबईत तारापोरवाला मत्स्यालयाची दारं उघडली. माणसाने समुद्राचा तुकडा काचेत आणला तेव्हा हाही बरोबर आला. खुल्या समुद्रात पिल्लं पाण्यात विखुरतात, बहुतेक उपाशी मरतात, एखाद्या माशाला दोन-चार ठिपके येऊन जातात. काचेच्या चार भिंतींत एकही वाट चुकत नाही. समुद्रात जी खाज असते, तिची माझ्या दिवाणखान्यात साथ झाली होती.

आणखी एक गोष्ट त्या रात्री मला चटका लावून गेली. झालरीचा हा क्रिप्टोकॅरिऑन, वेल्व्हेटचा अमायलूडिनियम आणि हिवतापाचा प्लाझ्मोडियम ही तिन्ही जीवशास्त्रात एकाच मोठ्या कुळातली भावंडं. कातडीआतल्या बारीक पोकळ्यांच्या अस्तरावरून त्या कुळाला नाव पडलं आहे. मोठमोठ्या मत्स्यालयांत माशांच्या या आजारांवर क्लोरोक्विन वापरतात, लिटरला दहा मिलिग्रॅमच्या आसपास. तीच कडूजहर गोळी, जी माझी आई गुळाच्या खड्याबरोबर गिळायची. आईच्या रक्तातला आणि टँगच्या कातडीतला, दोघे एकाच घरचे. रीतही तीच: जेवायचं, दिसेनासं व्हायचं, लपून वाढायचं, पाळीला परत यायचं.

मी तांबं वापरायचं ठरवलं. शंभर लिटरची उघडी टाकी आतल्या खोलीत मांडली. वाळू नाही, दगड नाही, लपायला नळकाम्याच्या दुकानातले पीव्हीसीचे एल्बो. दगड न ठेवण्याचं कारण मला घरचंच माहीत होतं. आमच्या वाडीत पावसाळ्याआधी सुपारीवर कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण मारायचे. मोरचूद, म्हणजे तांबंच, आणि चुना. मोरचुदाची आग चुना शांत करतो, वडील सांगायचे. टाकीतले दगड आणि वाळू म्हणजे चुनाच. तिथे तांबं घातलं तर चुना ते ओढून घेणार, आणि जे उरेल त्याने कोळंबी आणि गोगलगायी मरणार. म्हणून औषध आत, उघड्या टाकीत. लिटरला ०.१५ मिलिग्रॅमच्या खाली तांबं असेल तर परजीवी निभावून नेतो, ०.२० च्या वर गेलं तर मासाच दमतो. दोन दिवसांत थेंबाथेंबाने चढवलं. सकाळ-संध्याकाळ परीक्षानळीत पाणी घ्यायचं, रसायनाचे थेंब टाकायचे, रंगाच्या पट्टीशी खिडकीच्या उजेडात ताडून बघायचं. या दोन आकड्यांमधल्या चिंचोळ्या वाटेवरून मी चार मासे चालवत होते. आणि तांबंसुद्धा अंगातल्या परजीवीला शिवत नाही. तो खाली उतरून, फुटून, पिल्लं पोहायला लागली की त्यांनाच मारतं. औषध घातलं तरी अंगावरची पंगत उठेपर्यंत थांबावंच लागतं.

टँग थांबू शकला नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे तो एल्बोला टेकून आडवा होता. टँग रात्री झोपतो तेव्हा त्याचा निळा उतरून राखाडी होतो. मला वाटलं, झोपलाय. दिवा लावला. रंग परत आला नाही. मी त्याचा कल्ला उघडून भिंगाखाली बघितला. कल्ल्याच्या तलम लाल पात्यांमध्ये ते सगळे होते, दाटीवाटीने, सावकाश फिरत. अंगावरचे ठिपके मी मोजत होते. श्वास कोंडणारे माझ्या नजरेला कधी पडलेच नव्हते. आठव्या दिवशी, साखर ठेवली तेव्हा हातात दहा दिवस होते. ते मी आनंदात घालवले. हे मला कुणी ऐकवलं नाही, पण ते मला माहीत आहे आणि ते असंच राहील.

बाकीचे तिघे ३० दिवस तांब्यात राहिले. मग स्वच्छ पाण्यात. पण बाहेरच्या टाकीत परतायला त्यांना अजून अवकाश होता. बहुतेक कोष दोन-तीन आठवड्यांत फुटतात. मात्र एकाच वेळी उतरलेल्यांतला पहिला तिसऱ्या दिवशी आणि शेवटचा ७२ व्या दिवशी फुटल्याची नोंद आहे. म्हणून मासे पाळणाऱ्यांनी ७६ दिवसांचा दंडक घालून घेतला आहे. तेवढे दिवस टाकीत मासा नको. कोळंबी चालते, गोगलगायी चालतात. त्या पिल्लांना फक्त मासा लागतो.

आमच्या गावी हिवतापाचा कर्मचारी यायचा तो घराच्या भिंतीवर तारीख लिहून जायचा. आईचा ताप क्लोरोक्विनने थांबला, तरी तो दुसऱ्या गोळ्या घेऊन परत आला. वडील म्हणाले, "आता कशाला? ताप नाही तिला." तो म्हणाला, "रक्तातला गेला. यकृतात निजलेला असतो, तो उलटतो." आणि आईने त्याच्यासमोर गोळी गिळेपर्यंत तो ओटीवरून हलला नाही. मग भिंतीवर तारीख लिहिली. आठवड्याने पुन्हा आला, तिच्याखाली दुसरी. कुणी आजारी दिसत नसलेल्या घरी तो माणूस परत परत का येतो, हे मला तेव्हा कळत नव्हतं. मी टाकीशेजारच्या भिंतीवर पेन्सिलीने तारखा लिहायला सुरुवात केली.

कोष फुटतात ते मुख्यतः पहाटेच्या अंधारात. त्या वेळी मासा कपारीत, तळाजवळ निजलेला असतो. पिल्लांना जवळ पडतो. हे वाचल्यापासून मला चारला जाग यायची. मी दिवा न लावता टाकीसमोर पाटावर बसायचे. बाहेर पागोळ्या गळत असायच्या. पंपाची घरघर, पाण्याचा मंद हेलकावा, आणि काचेत काहीही नाही. पण मला ठाऊक होतं की या क्षणी दगडावरचं एखादं कवच फुटलं असेल. डोळ्यांना न दिसणारी शे-दोनशे पिल्लं वर निघाली असतील, अंगाच्या झालरी हलवत, अंधारात एका ऊबदार कुशीच्या शोधात. ती कपार धुंडाळतील. दगडाला वळसा घालतील. उद्या संध्याकाळपर्यंत थकतील. पहिल्या आठवड्यात त्यांच्या नावाने माझा जीव जळत होता. टँग डोळ्यांसमोर होता. चाळिसाव्या दिवसाच्या सुमारास मला जाणवलं की राग उरलेला नाही. तीही कुणाची तरी वाट शोधत निघाली होती आणि मी घर रिकामं ठेवलं होतं. यात सूड नव्हता. मला नुसतं तिथे बसायचं होतं, दार लावून घेतल्यावर दाराच्या आत कुणी तरी जागं असावं म्हणून.

दिवसा मी कोळंबीला चिमूटभर खाणं टाकायचे, आटलेलं पाणी भरायचे, मीठ तपासायचे. टाकी कधी नव्हे इतकी नितळ झाली होती. बघणाऱ्याला ती निरोगी वाटली असती, आठव्या दिवशीचा टँग मला वाटला होता तशी.

७६ दिवस झाले त्या सकाळी दोन्ही क्लाउनफिश आणि डॅमसेल परत टाकीत सोडले. क्लाउनफिश क्षणभर कोपऱ्यात एकमेकांना चिकटून राहिले, मग त्यांच्या जुन्या दगडापाशी जाऊन त्यांनी तिथली वाळू शेपटीने उडवली. डॅमसेल टँगच्या कपारीत शिरला. मी देवापुढे साखर ठेवली नाही. भिंतीवर तारीख लिहिली आणि तिच्याखाली थोडी जागा मोकळी सोडली.

आई बरी झाली ती कायमची. तो ताप तिला पुन्हा आला नाही. पण त्यानंतर कितीतरी दिवस मी बघत असे, तिसऱ्या दिवशी दुपार कलली की ती हातातलं काम ठेवून आत जायची, फळीवरची घोंगडी काढायची आणि खाटेच्या पायथ्याशी घडी करून ठेवायची. आडवी व्हायची नाही. थोडा वेळ काठावर बसायची. उन्हं उतरली की घोंगडी उचलून परत फळीवर ठेवायची आणि चुलीकडे वळायची.

मासे परत येऊन आता चार महिने झाले. अंगावर ठिपका नाही. मला अजून चारला जाग येते.